उजव्या हाताची जागा

प्रार्थनेने मज्जातंतू बरे होतात, यावर पदार्थविज्ञान शिकल्यापासून माझा विश्वास उरला नव्हता. मोपेडवरून पडून माझ्या उजव्या कोपराचे हाड मोडले, ते सांधले, आणि तरीही बोटे उचलेनात, तेव्हा चर्चच्या मंडळीतल्या लोकांनी केलेल्या प्रार्थना मी सभ्यपणे ऐकून घेतल्या आणि मनात डॉक्टरांचेच म्हणणे घोळवीत राहिले: मज्जातंतू सावकाश वाढतो, कदाचित हात परत येईल, कदाचित येणारही नाही. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी नोकरी करीत असे. पण माझे खरे जगणे नाशिकच्या आमच्या चर्चमधल्या जुन्या पियानोपाशी, मुलांसाठी गाणी रचण्यात होते. आई म्हणाली, "देवाला दोन्ही हात लागतात, असं कुणी सांगितलं तुला?" मी म्हटले, देवाला नसतील लागत, पियानोला लागतात.

उपकारस्तुतीचा सण तोंडावर आला होता. त्या दिवशी मंडळी शेतातले, परसातले पहिले पीक वेदीपाशी आणून ठेवते आणि मुले नवे गाणे म्हणतात. गाणे मी अपघाताआधीच रचले होते. मुले सूर सोडतील या धास्तीने त्यांची संपूर्ण चाल मी नेहमी उजव्या हाताने सोबत वाजवीत असे. डाव्याकडे फक्त खालचे, आधाराचे स्वर. एका दुपारी मी पाळकसाहेबांना, आमच्या धर्मगुरूंना, यंदा गाणे नको असे सांगायला चर्चमध्ये गेले. ते बाहेर गेले होते. वाट पाहताना पियानो उघडला, आणि डावा हात आपोआप आपले काम करू लागला. चालीविना ते स्वर मला नुसता सांगाडा वाटले.

मागच्या बाकावर एक अनोळखी बाई येऊन बसली आहे, हे तिच्या बाळाच्या रडण्यावरून कळले. रडणे हळूहळू निवले. संकोचून मी हात उचलला, तशी ती म्हणाली, "थांबू नको बाय. पोर आता कुठं निजतंय."

मी वाजवीत राहिले. बाळाला थोपटत ती गुणगुणू लागली. तिची अंगाई, तिचेच शब्द, मी कधीही न ऐकलेली चाल. आणि माझ्या एकाही स्वराशी ती भांडली नाही. माझा उजवा हात मांडीवर निर्जीव पडला होता, आणि जिथे तो असायला हवा होता ती जागा भरून गेली होती. साध्या स्वररचनेवर कितीतरी चाली बसतात, हे मला ठाऊक आहे. तरीही अंगावर काटा आला. त्या उंच, रिकाम्या चर्चमध्ये आम्हा तिघांखेरीज आणखी कुणी आहे, या जाणिवेने मी मान खाली घातली.

ती हरसूलकडची; तापलेल्या लेकराला दवाखान्यात दाखवून, एसटीची वेळ होईपर्यंत सावलीला आली होती. नाव विचारायचे राहूनच गेले. ती गेल्यावर पाळकसाहेब आले आणि काय काम काढले म्हणून विचारू लागले. मी म्हटले, मुलांना उद्या तालमीला पाठवा.

सणाच्या दिवशी मी एकाच हाताने वाजवले. दुसऱ्या कडव्यात मुलांचा सूर घसरला, आणि सावरायला माझ्यापाशी काहीच नव्हते. मुलांनी क्षणभर एकमेकांचे ऐकले, आणि सूर आपला आपण वर आला.

पुढे बोटे हळूहळू हलू लागली. त्याचे श्रेय मज्जातंतूंना देण्यात मला अडचण नाही, आणि ज्याने ते घडवले त्याचे उपकार मानण्यातही नाही. आता मी दोन्ही हातांनी वाजवते. पण मुलांचे गाणे सुरू झाले की उजवा हात मांडीवर ठेवते. ती जागा माझी नाही.