छातीशी धरून आणलेलं दूध

अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ठेवतात त्या विभागाला लागून एक खोली आहे. चार बाकडी, पाण्याचं पिंप, भिंतीवर सूचनांचे कागद आणि दाराजवळच्या टेबलाशी काकू. त्या कोणाच्याच नात्यातल्या नाहीत, म्हणून सगळ्यांच्याच काकू. वीस वर्षं त्यांनी याच दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीत काढली. निवृत्त झाल्या तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "ज्यांची बाळं आत असतात त्यांच्याजवळ बसायला कोणीतरी हवंय. याल का?" काकूंना वाटलं, बसायचंच तर आहे.

बसायला मिळालं असतं तर ना. सिस्टर जे भराभर सांगून जायच्या ते काकूंनी पुन्हा सावकाश सांगायचं. परगावच्यांना राहायला जागा बघून द्यायची. जेवायचं विसरलेल्या आईला दटावून जेवायला लावायचं. जेमतेम किलोभराचं पोर नाकाने आपल्यावर गेलंय म्हणून दोन्हीकडच्या आज्या हमरीतुमरीवर आल्या, की मध्ये पडायचं तेही काकूंनीच. रोज सकाळी कुलूप उघडण्याआधी त्या दारातच हात जोडत आणि मनात म्हणत, "बाबा रे, ही पोरं तूच पाठवतोस, मग जरा वेळेवर पाठवत जा."

त्या आठवड्यात मात्र हात जोडले तरी डोळ्यांपुढे गॅरेजवालाच येई.

गॅरेजवाल्याचं बाळ सातव्या महिन्यातलं. बायकोचे टाके पिकले होते, डॉक्टरांनी तिला प्रवास करू नको म्हणून बजावलेलं. ती घरी दूध काढून फ्रिजमध्ये ठेवायची आणि हा दोन बस बदलून, दोन तासांनी ते घेऊन यायचा. दवाखान्याने त्याला बर्फाची पेटीही दिली होती. तरी रोज मोठ्या सिस्टर बाटलीला हात लावायच्या, मान हलवायच्या आणि दूध ओतून द्यायच्या. गार केलेलं दूध वाटेत कोमट झालं की ते असल्या बाळाला चालत नाही. मग बाळाच्या पोटात नळीतून जायचं ते डब्यातल्या पावडरीचं.

काकूंनी त्याला चार वेळा सांगितलं. "बाटल्या बर्फात ठेव. मध्ये पेटी उघडू नकोस. कळलं?"

"हो काकू."

दुसऱ्या दिवशी पुन्हा कोमट. पाचव्या दिवशी तर त्याच्या बायकोचाच फोन आला. "काकू, फेकायचंच असेल तर मी काढू कशाला? आधीच कमी येतंय. आज सकाळी तर अर्धी बाटलीसुद्धा भरली नाही. राहू दे आता."

आईने चार दिवस दूध काढलं नाही तर ते आटतं, आणि एकदा आटलं की परत आणणं फार अवघड. "आजचा दिवस काढ," काकू म्हणाल्या. "उद्या बघू."

गॅरेजवाला आला तसं त्यांनी पेटीवर हात ठेवला. "उघड."

त्याने उघडली. आत बर्फ अगदी शिस्तीत रचलेला, आणि त्यात त्याची प्यायच्या पाण्याची बाटली.

"आणि दूध?"

त्याने शर्टाची दोन बटणं सोडली. आत, बनियनला चिकटून, फडक्यात गुंडाळलेल्या तीन चिमुकल्या बाटल्या.

काकू खुर्चीवर बसल्या. "अरे शहाण्या, मग रोज हो-हो कशाला करत होतास?"

"तुम्हाला नाही कसं म्हणणार? आणि आई म्हणते, एवढंसं पोर, त्याला गारठलेलं पाजतात का? छातीशी धरून ने. तिलाही नाही कसं म्हणू?"

"म्हणजे दोघींना हो म्हणायचं आणि पोराने पावडर प्यायची. लाव तुझ्या आईला फोन."

आजी फोनवर भलत्याच खमक्या निघाल्या. "तुम्हाला मुलं किती?"

"दोन."

"मी पाच वाढवली. एकालाही कधी गार पाजलं नाही."

काकू दात-ओठ खात म्हणाल्या, "उद्या तुम्हीच या."

आत जायची परवानगी फक्त आई-वडिलांना. काकू मोठ्या सिस्टरच्या मागे हात धुऊन लागल्या. सिस्टर म्हणाल्या, "आज एका आजीला सोडलं तर उद्या इथे आज्यांची रांग लागेल." शेवटी तोड निघाली ती अशी, की आजींनी काचेबाहेर उभं राहायचं, दूध पाजायच्या वेळी, दहा मिनिटं. त्याहून एक मिनिट जास्त नाही.

आजी आल्या त्या बाटल्या स्वतःच्या पदराखाली घेऊन. त्या अर्थातच कोमट, आणि अर्थातच मोरीत गेल्या. आजींचा चेहरा लाल झाला. काकूंनी त्यांना काचेशी नेलं. आत सिस्टरने शेजारच्या बाळाची बाटली फ्रिजमधून काढली, ऊन पाण्याच्या वाटग्यात उभी केली, जरा वेळाने मनगटावर थेंब टाकून पाहिला आणि मग नळीत सोडलं. आजी नाक काचेला लावून बघत होत्या.

"ते गरम करतात?"

"मग? गार कसं देतील?"

"आणि आमच्याला ते काय देतायत?"

"पावडर. तुमच्या सुनेचं आत्ता ओतलं ना."

आजी काचेपासून वळून म्हणाल्या, "बाई, इथे ऊन करून देतात हे तुम्ही पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?"

बर्फ, पेटी, झाकण, सगळं काकूंचं चार चार वेळा सांगून झालं होतं. भिंतीवरच्या कागदावरही तेच. पुढे दुधाचं काय करतात हे त्यांनी सांगितलं नव्हतं, कारण ते ठाऊक नसेल असं त्यांच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं. इतका वेळ आजींवर आलेला राग आता कुठे ठेवावा हे त्यांना कळेना.

"चुकलंच माझं," त्या पुटपुटल्या.

"असू दे," आजी मोठ्या मनाने म्हणाल्या, त्यामुळे काकूंचं डोकं आणखीच उठलं.

दुसऱ्या दिवशी बाटल्या बर्फासारख्या गार आल्या. दोनच होत्या, आणि दुसरी अर्धीच. सिस्टरने बाटलीला हात लावला, मान डोलावली आणि वाटग्यात ऊन पाणी ओतलं.

काकूंनी फोन लावला. "आज गेलं गं बाळाच्या पोटात. बारा मिली."

पलीकडून हळूच, "सगळं?"

"सगळं. ओकलं नाही. पुढच्या वेळचंही तुझंच आहे, त्याच्या पुढच्याला मात्र पुरणार नाही. तेव्हा रडत बसू नकोस, दूध काढायला लाग."

"काढतेय, काकू," ती म्हणाली. तिच्या मागून आजींचा आवाज आला, "फोन ठेव आधी. दोन्ही कामं एकदम होत नसतात."