उन्हावरचा फवारा

हुमनाबादच्या आमच्या कॉलेजातले फ्रिज, कूलर दुरुस्त करायला नेहमी एकच मेकॅनिक येतो. त्याची शाळा सातवीतच सुटलेली. यंत्र उघडण्याआधी तो मागच्या बाजूला तळहात धरून गप्प उभा राहतो. “गार कुठं झालं ते कुणीबी सांगतंय, सर. गरमी कुठं गेली ते बघायलोय.”

मी भौतिकशास्त्र शिकवतो. पृथ्वी थंड करण्याच्या मोठमोठ्या योजनांवर बीदरला माझं भाषण होतं. त्यातली एक योजना मी त्याला ऐटीत सांगितली: विमानांनी आभाळात बारीक कण फवारायचे, म्हणजे ऊन कमी होईल.

पाना पुसत त्यानं विचारलं, “आन् खालचा धूर?”

“तो चालूच.”

“मग मधीच फवारा बंद पडला, तर इतक्या वर्षांची गरमी एकदमच अंगावर येणार न्हाई व्हय?”

दोन महिने वाचून मला हे सुचलं नव्हतं. माझा जळफळाट झाला. “तेवढं सोपं नसतंय ते,” मी म्हणालो.

बीदरला मी त्याचाच प्रश्न माझा म्हणून मांडला. टाळ्या पडल्या.

पुढच्या खेपेला त्यानं विचारलं, “भाषण कसं झालं, सर?”

“बरं झालं.”

तो मनापासून हसला. “व्हायचंच की. तुमच्याकडूनच शिकायलोय आम्ही.”