आंबा घाटात देवाशी भांडण

देवावर माझा विश्वास नव्हता, एवढंच नाही. त्याचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरायचं. वडिलांचा सोलापुरात लहानसा छापखाना होता आणि मोर्चांची, संपांची पत्रकं शाई वाळायच्या आत वाचत मी मोठी झाले होते. आणीबाणी नुकतीच उठली होती, सभा पुन्हा भरत होत्या, आणि नेमक्या अशा वेळी वडिलांनी सांगितलं, "आत्याला मार्लेश्वरला नेऊन आण." श्रावणात, एस.टी.ने, पार कोकणातल्या शंकराच्या दर्शनाला! मी घर डोक्यावर घेतलं. पण आई गेल्यावर मला वाढवलं ते या आत्यानेच. तिला नाही कसं म्हणणार?

कोल्हापूर सुटलं तसा पाऊस लागला. आंबा घाट उतरायला लागलो तेव्हा समोर रस्ता आहे की ढग, तेच कळेना. एकेका वळणावर गाडी अशी कलायची की जंगलातल्या फांद्या खिडक्यांवर आपटायच्या. सोलापूरजवळच्या वळसंगच्या सपाट काळ्या रानात वाढलेल्या आत्याला हे कुठलं झेपायला? ती खिडकीबाहेर डोकं काढून ओकत होती आणि मधेच "शिवा, शिवा" म्हणत होती. मी तिची पाठ चोळत रस्त्याला, सरकारला, ड्रायव्हरला आणि त्या शिवालाही मनातल्या मनात शिव्या देत होते.

पुढे दरड आली होती. गाडी थांबली. आत्याने सवयीने गळ्याकडे हात नेला आणि तो तिथेच राहिला. गळ्यातला दोरा तुटला होता. त्या दोऱ्यात, कापडात गुंडाळून, तिचं इष्टलिंग, म्हणजे अंगावर बाळगायचं छोटं शिवलिंग, असायचं. लहानपणी दीक्षा झाल्यापासून कधी अंगावेगळं न झालेलं. ते कुठल्या तरी वळणावर खिडकीतून पडलं होतं.

आमच्यात लिंग अंगावर नसेल तर पाण्याचा थेंबही घेत नाहीत. ओकून ओकून आत्याचे ओठ सुकले होते, हात गार पडले होते. शेजारच्या बाईंनी लिंबू-मीठ घातलेलं पाणी पुढे केलं. आत्याने तोंड फिरवलं.

"आत्या, दगड आहे गं तो! दुसरा मिळेल. पाणी पी."

"दगडच हाय की," ती डोळे मिटूनच म्हणाली. "मग तू का वरडतीस?"

मी तडक उठले. कंडक्टर दारात तंबाखू मळत उभा होता.

"ओ ताई, कुठं निघालात?"

मी सांगितलं.

"देव शोधायला? वा! सापडला तर आमचंही गाऱ्हाणं घाला."

"तुमचं तुम्ही घाला!" म्हणून मी उतरले आणि आलेल्या वाटेने घाट चढू लागले.

रस्त्याकडेचं गवत, ओहोळ, चिखल, सगळं चाचपून झालं. छत्री उलटी झाली. एका अंगाला दरी, तीत नुसतं पांढरं धुकं. लिंग तिकडे गेलं असेल तर संपलंच. मला रडू आलं नाही, संताप आला. मी मोठ्याने बोलू लागले. "तुझ्यासाठी निघाली होती ती! या वयात, एवढ्या लांबून! तुला स्वतःला सांभाळता येत नाही आणि तिला तहानलेली मारतोस? काही वाटू दे!" आयुष्यातली माझी पहिली प्रार्थना ती ही अशी.

पुढच्या वळणावर एक बाई भिजत उभी होती. कोकणात पावसात पाठीवर घेतात ते पानांचं इरलं तिच्याकडे होतं, पण ते तिने एका दगडावर पालथं ठेवून, वाऱ्याने उडू नये म्हणून दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं. मी आधीच पेटलेली. तिच्यावरही खेकसले, "अहो, डोक्यावर घ्या की ते!"

"माज्या डोक्यावर घेतलं तर ह्यो भिजंल," ती म्हणाली आणि तिने इरल्याची कड उचलली.

आत आत्याचं लिंग होतं. कापड सुटलं होतं, विभूती अजून लागलेली होती.

"गाडीतनं पडला. कुनाचा द्येव, ठावं नाय. घरी कसा न्यायचा, नि पावसात तरी कसा सोडायचा? म्हटलं, ज्याचा हाय त्यो येल." मग माझ्याकडे बघून ती हसली. "मगाधरनं तूच वरडत व्हतीस ना?"

मी मान हलवली. तिने लिंग माझ्या ओंजळीत ठेवलं, इरलं डोक्यावर घेतलं आणि ती पायवाटेने झाडीत उतरून गेली.

मी परतले तेव्हा रस्ता मोकळा झाला होता. आत्याने लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा मांडली. पूजा होईपर्यंत कंडक्टरने घंटी ओढली नाही, आणि घाईतल्या त्या गाडीत कुणी कुरकुर केली नाही. मग आत्या पाणी प्यायली. सगळा तांब्या रिकामा करून म्हणाली, "डोकं पूस आदी. सर्दी हुईल."

ती बाई त्याच वेळी त्याच वळणावर का होती, यावर मी कुणाशी वाद घातलेला नाही. परक्याच्या देवावर आपलं छप्पर धरून ती भिजत राहिली. येणारा येईल, असा तिला भरवसा होता. माझ्याजवळ भरवसा नव्हता, नुसता राग होता, आणि तोही ऐकला गेला. तिचे आणि त्याचे, दोघांचेही उपकार मी मानते. स्वभाव काही बदलला नाही. अजूनही त्याच्याशी भांडते. पण आता भांडून झालं की गप्प बसते, आणि थोडी वाट पाहते.