माझी गिटार बिघडलेली नव्हती

मंडळी, घरी आल्या आल्या लगेच लिहितेय.

थायरॉइडच्या ऑपरेशननंतर माझा आवाज खाली गेला. त्यामुळे मी गिटारच्या सगळ्या तारा मुद्दाम एक सूर उतरवून ठेवते. आज दुपारी मोहाडीत मैत्रिणीच्या लग्नात ऑपरेशननंतर पहिल्यांदाच लोकांसमोर गाणार होते.

पहिलीच ओळ घेतली आणि आवाज फाटला. समोर कुणीतरी हसलं.

ऑर्केस्ट्राचा कीबोर्डवाला मागून म्हणाला, "अरे ताई, गिटार पुरी उतरली होती. तुम्ही जेवाले गेल्या तवा मीच चढवून देली."

"मले विचारलं काहून नाही?"

"त्यात काय विचारायचं? बायकायले ट्यूनिंग कुठं जमते? मदतच केली ना!"

हे सगळं चालू माइकवर!

मी तिथेच खुर्ची ओढून बसले. अख्खा मंडप थांबवून सहाही तारा पुन्हा उतरवल्या आणि गाणं शेवटपर्यंत म्हटलं. नवरीने स्टेजवर मिठी मारली. कीबोर्डवाला मात्र मोबाइलच बघत बसला. साधं 'चुकलं' म्हणाला नाही.

खरं सांगा, दुसऱ्याची वस्तू बिघडलीय हे परस्पर ठरवून तिला हात लावायचा हक्क या लोकांना देतं कोण?