बीहडातल्या लाल चिंध्या

आधीच सांगून टाकतो, असले अनुभव वाचून हसणाऱ्यांतला मी आहे. आमच्या दौलतगंजात कुणाच्या अंगात आलं की मी बायकोला म्हणायचो, "हिला आधी डॉक्टरकडे न्या." त्यामुळे मी हे लिहायला बसलोय म्हटल्यावर ती पोट धरून हसली. हसू दे. मला एका माणसाला एक गोष्ट सांगायची राहून गेलीय आणि तोंडानं ती सांगवत नाही, म्हणून लिहितोय.

ग्वाल्हेरला नई सडकेवर माझं बोर्ड रंगवायचं दुकान. फ्लेक्स आले आणि ब्रश सुटला... तेव्हापासून शूटिंगवाले आले की त्यांच्या सेटची कामं घेतो. पाच वर्षांपूर्वी मे महिन्यात मुंबईचं एक युनिट आलं होतं. एका जुन्या भयपटाचा रीमेक. प्रवाशांची गाडी ओसाड जागी बंद पडते आणि तिथं राहणारं कुणीतरी त्यांना एकेक करून टिपतं, अशी गोष्ट. मूळ सिनेमात वाळवंट होतं म्हणे, यांना आमचं बीहड पसंत पडलं. मुरारहून भिंड रोडनं सव्वा तास. बीहड म्हणजे पावसानं चिरलेल्या मातीच्या घळी – दोन-तीन पुरुष खोल, आणि सगळ्या एकसारख्या. माझी मुलगी सई तेव्हा एकोणीस वर्षांची, कॉस्च्युमवाल्या बाईंकडे काम करत होती.

पहिल्या दिवशी गाड्यांपासून सेटपर्यंतचा रस्ता कुणाला धड सापडेना. मी लाल कापडाच्या चिंध्या फाडल्या आणि वाटेवरच्या बाभळींना बांधत गेलो. सगळ्यांना सांगितलं, चिंधी बघत चला, पोचाल. डायरेक्टरनं ते पाहिलं आणि उडालाच – "दादा, ये तो पिक्चर में डालेंगे!" म्हणजे प्रवासी खुणेसाठी चिंध्या बांधणार, आणि कुणीतरी त्या हलवून त्यांना भलतीकडे नेणार. झालं. दुसऱ्या दिवशी मी सगळ्या चिंध्या सोडवल्या, चहाच्या पाण्यात बुडवून जुनाट केल्या आणि सेटच्या दुसऱ्या अंगाला, पुढं बंद होणाऱ्या एका घळीत नेऊन बांधल्या. सत्तावीस. प्रत्येकीचा फोटो काढला गेला, कारण सीन पुन्हा घ्यायचा होता आणि तोवर एकीलाही हात लावायचा नव्हता. गाड्यांचा रस्ता एव्हाना सगळ्यांच्या पायाखालचा झाला होता.

सगळ्यांच्या म्हणजे सई सोडून. ती मधले दोन दिवस परीक्षेला गेली होती. परत आली त्या सकाळी माझ्याशी गप्पा मारत सेटवर आली आणि मी तिला चिंध्या हलवल्याचं सांगायला विसरलो.

दुपारी दीडला बाईंनी तिला गाडीतून एक शाल आणायला पाठवलं. सात मिनिटांची वाट. अडीच वाजता बाई मला विचारायला आल्या. "एसी लावून झोपली असेल, माझीच मुलगी आहे," मी म्हणालो. तेवढ्यात ड्रायव्हर जेवायला आला. "बिटिया? वो तो आई ही नहीं."

माझी नजर सेटमागच्या बाभळीवर गेली. तिथं माझी पहिली चिंधी होती. सई तीच बघत निघाली असणार.

ऊन असं की मातीवर हात टेकवत नव्हता. तिच्याकडे पाणी नव्हतं, फोनला नेटवर्क नव्हतं. गावातला रामसेवक म्हणून एक म्हातारा युनिटबरोबर असायचा, त्याला घेऊन मी पळत सुटलो. धुळीत सईच्या बुटांचे ठसे स्पष्ट होते. पहिली चिंधी, दुसरी, दहावी... शहाण्यासारखी एकेक बघत गेली होती पोर. सत्ताविसाव्या चिंधीपुढं घळ संपते. समोर मातीची सरळ भिंत. ठसे भिंतीपर्यंत गेलेले, आणि तिथंच संपलेले.

रामसेवकनं वाकून ठसे पाहिले. "यहाँ तक आई है. चढ़ी नहीं... और लौटी भी नहीं."

मला वाटलं भिंतीचा कडा ढासळला, सई खाली गाडली गेली. मी नखांनी माती उकरायला लागलो. तो ओरडत होता, मिट्टी पक्की है भैया, कुछ नहीं गिरा. मला ऐकूच येत नव्हतं. आयुष्यात एवढा घाबरलो नाही, आणि एवढी स्वतःची चीडही कधी आली नाही.

तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरला. "लड़की मिल गई. गाड़ियों के पास बैठी है."

सई गाडीच्या सावलीत बसली होती, मांडीवर शाल. "बाबा, तुमच्या हातांना काय झालं? खून निघतंय!" मी विचारलं, तू आलीस कशी?

"सीधी आली ना. या वेळी रस्ता थोडा लंबा काढलात तुम्ही. पण हर झाडाला चिंधी होती, मग काय टेन्शन?" तिनं माझ्या हातात पाच चिंध्या ठेवल्या. "ह्या शेवटच्या. गाड्या दिसायला लागल्यावर ह्यांना कोण बघणार, म्हणून सोडवून आणल्या."

त्या माझ्या नव्हत्या. जाड, हातमागाचं कापड, आणि चारही कडा हातानं दुमडून शिवलेल्या. चिंधीला शिवण कोण घालतं? संध्याकाळी फोटोंशी ताडून पाहिलं, घळीत माझ्या सत्तावीसच्या सत्तावीस जागेवर होत्या. भिंतीपलीकडून गाड्यांपर्यंतची झाडं आम्ही पालथी घातली, एकही चिंधी दिसली नाही. रामसेवकनं त्या पाचही हातात घेतल्या, उलटून पाहिल्या आणि एवढंच म्हणाला, "घर मत ले जाना इन्हें." मी त्या रस्त्याकडेच्या बाभळीला बांधल्या आणि, हसा हवं तर, हात जोडले.

पलीकडे जायची एखादी फट आम्हाला दिसली नसेल, असं मी स्वतःला शंभरदा सांगून पाहिलंय. पण मग चिंध्या कुणाच्या?

सई आता इंदूरला नोकरी करते. त्या दिवसाची गोष्ट निघाली की मैत्रिणींना सांगते, "मला काही भीती नाही वाटली. बाबांनी बांधल्या होत्या ना." मी तिथंच बसलेला असतो.

सई, माझ्या चिंध्यांनी तुला त्या भिंतीपाशी नेऊन सोडलं होतं. तिथून पुढं कुणी आणलं, ते मला माहीत नाही.