ज्वारीचे हिरवे मोड
भिजलेल्या ज्वारीचा आंबूस वास आला की माझं डोकं आजही फिरतं. तेव्हा मी गुडीहत्नूरला सासरी होते. आदिलाबादहून आलेल्या नणंदेनं मोबाइलवर बघून ज्वारीला बोटभर हिरवे मोड आणले, वर लिंबू पिळलं आणि कच्चेच माझ्या लेकीपुढं ठेवले. मी ताटली ओढली. "हे जहर आहे. सत्त्वासाठी मोड चोळून काढतो आपण, मंग भाजतो." नणंद फणकारली, "मुगाचे मोड खाते ना पोरगी? मंग हे काऊन नाही?" सासूबाई म्हणाल्या, "लय शायनी झाली ही! फेकू नको, गाईला घालतो मी." त्या ताटली घेऊन गोठ्यात शिरल्या, तोच सासरे ओरडले, "कोवळी ज्वारी? गाय मारतं काय?" सासूबाईंनी मोड लगेच मातीत पुरले. नणंद म्हणाली, "बरं झालं बाई, गाय वाचली!" लेक तिथंच माझा पदर धरून उभी होती, तिच्याकडं कोणी पाहिलंही नाही. आता मोठी झालेली लेक विचारते, "आपण आजीकडं काऊन जात नाही?" मी म्हणते, "त्यांच्याकडं गाय आहे."