लेकरांचा माळ

औंढ्याच्या पलीकडच्या वाडीत शालूबाई नांदायला आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूनं बजावलं होतं, "गवताला कुटं बी जा, पन लेकरांच्या माळावर इळा घालायचा न्हाई." वाडीतलं तान्हं, लहान मूल गेलं, की त्याला तिथं मातीआड करायचे आणि कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर दगड रचायचे.

काही वर्षांनी गोवराची साथ आली आणि शालूबाईची चार वर्षांची ठकू गेली. करवंदीच्या जाळीपाशी सोपाननं, तिच्या नवऱ्यानं, तीन दगड मांडले. त्यानंतर शालूबाईची कूस उजवली नाही. गुरं घेऊन येता-जाता ती त्या जाळीपाशी घटकाभर टेकायची. नुसती बसायची.

बेचाळीस साली, भात झोडून झाल्यावर, खाकी कपड्यांतली माणसं आली आणि माळभर लाल निशाणं रोवून गेली. दूर कुठंतरी लढाई चालली होती, तिच्यासाठी सरकारला हा माळ हवा होता. तलाठ्यानं कागद वाचला, त्यात 'ल्यांडिंग ग्राउंड' होतं. ओव्हरसियर 'एरोड्रोम' म्हणे. शाळेतले मास्तर 'विमानतळ' म्हणाले. वाडीच्या तोंडात शेवटी बसलं ते 'इमानतळ'.

सगळी वाडीच मुरूम वाहायला लागली. शालूबाईही पाटी घेऊन गेली. मुकादम बद्रुद्दीन लोणावळ्याचा, रस्त्यांच्या कामांवर केस पिकलेला. बाया त्याला भाऊ म्हणत.

"भाऊ, इमान उतरतं म्हंजी कसं?" तिनं विचारलं. विमान उतरलेली एकच जागा तिला ठाऊक होती, देहूची. तुकोबांना वैकुंठाला न्यायला आलं होतं ते. "हे बी मान्सं न्यायलाच येनार का?"

"व्हय बाई," बद्रुद्दीन म्हणाला, "पण वैकुंठाला नाही."

महिनाभरात विमानं उतरायची पट्टी करवंदीच्या जाळीजवळ आली. वाटेतले कितीतरी दगड आधीच उचलले गेले होते. म्हाताऱ्या बयाबाईची दोन लेकरं त्या माळात होती, पण कुठं, ते तिलाही सांगता येईना. शालूबाईला मात्र जागा बोटभर चुकत नव्हती. ती बद्रुद्दीनपुढं जाऊन उभी राहिली.

"भाऊ, माजी ठकू हाय तितं. रोलर जरा बाजूनं न्या."

तो तिला घेऊन ओव्हरसियरकडं गेला. तो माणूस वाईट नव्हता. जाळीपर्यंत चालत आला, दगड पाहिले. "पट्टी वाकवता येत नाही," तो बद्रुद्दीनला म्हणाला. शालूबाईकडं त्यानं पाहिलं नाही.

"उद्या दुपारपर्यंत रोलर इकडं येणार नाही," बद्रुद्दीन तिला हळूच म्हणाला. "घरच्यांना विचारा. न्यायचं असेल तर न्या."

सोपान ऐकूनच हादरला. "मातीला दिल्यालं परत मागत्यात व्हय?" एवढंच बोलला आणि पाठ फिरवून बसला.

सकाळी शालूबाई एकटीच कुदळ घेऊन गेली. तीन दगड तिनं एकेक करून बाजूला ठेवले. कुदळ उचलली, आणि तशीच उभी राहिली. खाली आता काय असेल, याचा विचार तिनं आजवर केला नव्हता. तो आत्ता आला. तिनं कुदळ खाली टाकली.

ऊन चढल्यावर बद्रुद्दीन आला. बाकीच्या बाया पाट्या घेऊन लांबच थबकल्या होत्या.

"हितला मुरूम मी टाकते," शालूबाई म्हणाली. "दुसऱ्या कुनाच्या हातनं नगं."

बद्रुद्दीननं मान हलवली. ती पाटी भरून आणायची, ओतायची, हातानं पसरायची. खडे लागले तर वेचून काढायची. रोलर येईपर्यंत कुणी तिला घाई केली नाही. वाफेचं ते धूड आलं, तेव्हा ती बाजूला सरली आणि जमीन सपाट होईपर्यंत बघत राहिली.

त्या पट्टीवर विमानं दोनदाच उतरली. दोन्ही वेळा वाडी लोटली, शालूबाई गेली नाही. लढाई संपली, तंबू निघाले, तारांचं कुंपण लोकांनी परड्यांना नेलं. दाबलेल्या मुरमावर गवत काही धरेना. नव्या सुना तिथं शेणी वाळवू लागल्या; 'लेकरांचा माळ' म्हणणारी एक शालूबाईच उरली.

एकदा शालूबाई दारात तांदूळ निवडत होती. कुणा पाहुण्यानं वाट विचारली. "इमानतळाच्या कडंनं सरळ जावा," ती सहज बोलून गेली. पाहुणा गेला. तिचा हात सुपातच थांबला.

सोपान शेतातून आला, तेव्हाही ती तशीच बसली होती. चूल पेटली नव्हती.

"काय झालं गं?"

"माज्या बी तोंडात त्येच नाव आलं," ती म्हणाली.

सोपानला उलगडायला वेळ लागला. मग तो तिच्याशेजारी बसला, सूप तिच्या मांडीवरून आपल्या मांडीवर घेतलं आणि राहिलेले तांदूळ निवडू लागला.